निसर्गचित्रण (कोल्हापूर)

कोल्हापूर शहर व परिसरातील तळी, घाट, गड आणि शेतशिवार यांचे जागेवर बसून सुरू केलेले व बहुधा चित्रशाळेत पूर्ण केलेले चित्रण. ते प्रामुख्याने जलरंगांत व तैलरंगांत होते.

या परंपरेच्या उगमाविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार तिचा आरंभ आबालाल रहिमान (जन्म १८५६ किंवा १८६०, मृत्यू १९३१) यांच्यापासून होतो. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते कोल्हापुरास परतले आणि पुढे शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले. कोटितीर्थ व रंकाळा ही तळी आणि पंचगंगा नदीचा घाट हे त्यांचे आवडते विषय. त्यांच्या प्रकाशाच्या हाताळणीत काही अभ्यासक युरोपीय दृक्प्रत्ययवादाची (इम्प्रेशनिझम; क्षणोक्षणी बदलणारा प्रकाश टिपणारी चित्रशैली) छाया पाहतात. परंतु एकाच तळ्याकाठी वेगवेगळ्या प्रहरी बसणाऱ्या चित्रकारास हा धडा पाण्याकडूनच मिळणे अधिक संभवनीय दिसते. दुसरे मत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविणाऱ्या आनंदराव पेंटर (मृत्यू १९१६) व बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्या कामाला अग्रमान देते. पडद्यावरील अरण्य वा राजमार्ग लांबच्या प्रेक्षकासाठी आणि दिव्यांच्या उजेडासाठी योजलेला असल्याने उगमापुरते पहिले मत ग्राह्य वाटते. तथापि पडद्यांसाठी सरसात (प्राणिज डिंकात) कालवलेला रंग वाळल्यावर फिकट होतो, जलरंगही होतो. ओल्या रंगावरून वाळलेल्या छटेचा अंदाज बांधण्याची पडदेवाल्यांची नजर निसर्गचित्रकारालाही लागतेच.

बाहेरचे काम प्रकाशाशी बांधलेले असते. सावल्या लांब असतात ती सकाळ किंवा दुपार कलल्यानंतरची वेळ निवडतात आणि सावल्यांच्या जागा आधीच पेन्सिलीने नक्की करतात, कारण रंग लागेपर्यंत त्या सरकलेल्या असतात. रंकाळ्याच्या पूर्व काठावरून मावळतीला पाहिले, तर उजेड समोरून येतो. दगडी बांधकामाचा तपशील विरतो, आकार गडद होतो आणि पाण्यावरची चकाकी हाच चित्राचा विषय बनतो. ही चकाकी पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावून नव्हे, तर कागद कोरा राखून साधतात. आकाशासाठी फळा किंचित तिरका धरून वरच्या कडेपासून रंगाचा ओला थर खाली उतरवितात. तळाशी साचलेला थेंब पिळलेल्या ब्रशने वेळीच टिपला नाही, तर तो उलट चढून वाळत्या आकाशात डाग पाडतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे थर लवकर वाळत नाही आणि घाईने दुसरा थर दिल्यास दोन्ही गढूळ होतात. रंकाळ्यातील संध्यामठ ही दगडी वास्तू याच दिवसांत पाण्यात बुडू लागते, त्यामुळे चित्रकारास मोहात पाडणारा विषय आणि त्रास देणारी हवा एकत्रच येतात.

चित्रशाळेत मोठे तैलचित्र करताना जागेवरचा छोटा अभ्यास समोर ठेवतात. छायाचित्रावरून तपशील मिळतो, मात्र त्यात सावल्या बहुधा काळ्या पडतात आणि त्यांच्यातील निळसर वा तांबूस झाक हरवते. म्हणून रंगासाठी अभ्यासचित्रच प्रमाण मानणे योग्य. उत्तरेकडील खिडकीचा स्थिर प्रकाश या कामास सोयीचा असतो. जवसाच्या तेलातील रंगाचा पातळ थरही वाळण्यास अनेक दिवस घेतो, त्यामुळे एकाच वेळी दोनतीन फलक हाती ठेवण्याची पद्धत आहे.

पुढील काळात माधवराव बागल (१८९५–१९८६) व चित्रपट अभिनेते चंद्रकांत मांडरे (१९१३–२००१) यांनीही निसर्गचित्रे काढली. आबालाल रहिमान यांची काही चित्रे टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात, तर मांडरे यांची राजारामपुरीतील त्यांच्या नावाच्या कलासंग्रहालयात आहेत.