गतिरोधकाची उंची नव्हे, लांबी बघा

अमेरिकेतल्या घरमालकांच्या असोसिएशनमध्ये, म्हणजे एचओएत, ‘गाड्या फार सुसाट जातात’ अशी तक्रार आली की आधी एकच प्रश्न विचारावा : रस्ता कोणाचा? शहराचा किंवा काउंटीचा असेल तर असोसिएशनला दंडही करता येत नाही आणि परस्पर गतिरोधकही घालता येत नाही. अर्ज करावा लागतो. खासगी रस्त्याचं वेगळं आहे. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये लेक हॉलिडे असोसिएशनच्या खटल्यात, तिच्या सुरक्षारक्षकांनी तिच्याच रस्त्यावर वेगात जाणाऱ्या सभासदाला थांबवून दंडाची चिठ्ठी देणं वैध ठरवलं.

मग वेग मोजा. समोर अडथळा नसलेल्या निदान १०० गाड्या रडारने टिपा आणि शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत राहतात तो आकडा धरा. रडार रस्त्याशी २० अंशांच्या कोनात धरलं तर ताशी ३० मैलांची गाडी २८ चीच दिसते, म्हणून शक्य तितकं रस्त्याच्या रेषेत उभं राहावं. हे दोन-चार मैल क्षुल्लक नाहीत. गाडीची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता २३ मैलांना सरासरी १० टक्के, तर ३२ मैलांना २५ टक्के असते.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या गतिरोधकाच्या आकारात. पार्किंगमधला दीड-दोन फूट लांबीचा उभट उंचवटा सावकाश जाणाऱ्याला हादरवतो. वेगात गेलं तर धक्का टायर आणि स्प्रिंगच गिळतात, गाडीचा सांगाडा उचलला जाण्याआधीच चाक पलीकडे उतरतं. म्हणजे शिक्षा नेमकी सावकाश जाणाऱ्याला! १२ फूट लांब आणि ३ ते ४ इंच उंच हंपवर मात्र पुढची-मागची दोन्ही चाकं चढतात, अख्खी गाडी उचलली जाते आणि वेगाबरोबर त्रास वाढतो. चालक आपोआप १५ ते २० मैलांवर येतो.

एकच हंप घालून भागत नाही, कारण पुढे पुन्हा वेग घेतला जातो. साधारण २६० ते ५०० फुटांवर पुढचा हवा. अग्निशमन दलाला आधी विचारा; प्रत्येक हंपमागे बंबाचे ३ ते ५ सेकंद जातात. त्यांच्या वाटेवर मध्ये फटी ठेवलेले ‘कुशन’ घालावेत. बंबाच्या डाव्या-उजव्या चाकांत अंतर जास्त असल्याने ती फटींतून निघतात, मोटारीचं निदान एक चाक चढतंच.

आणि वेगाला आळा म्हणून स्टॉपची पाटी लावू नका. रस्त्यावरच्या पाट्यांची अमेरिकेची राष्ट्रीय नियमपुस्तिकाही हेच सांगते. विनाकारण लावलेल्या पाटीपाशी लोक जेमतेम थबकतात आणि गेलेला वेळ भरून काढायला पुढे जोरात निघतात.