कर्णबधिर बालकांच्या संप्रेषणपद्धती : कोल्हापूर परिसर

ऐकू न येणाऱ्या अथवा कमी ऐकू येणाऱ्या बालकाशी भाषिक व्यवहार साधण्याच्या पद्धती. ‘मूकबधिर’ ही जुनी संज्ञा मागे पडून ‘कर्णबधिर’ रूढ झाली आहे, कारण अशा मुलांचे वाचेचे इंद्रिय बहुधा निर्दोष असते. २०१६ च्या दिव्यांग कायद्यानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती बधिर ठरते. कोल्हापुरात या तपासणीसाठी पालक सहसा प्रथम ‘सीपीआर’ म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय गाठतात. श्रवणयंत्राला बोलीत ‘कानाचं मशीन’ म्हणतात.

वाचिक पद्धतीत उरलेली श्रवणशक्ती, ओष्ठवाचन आणि उच्चारसराव यांवर भर असतो. इटलीतील मिलान येथे भरलेल्या कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने (१८८०) हिचाच पुरस्कार केला. मुंबईतील माझगावची कर्णबधिरांची शाळा त्यानंतर लवकरच, साधारणतः १८८४-८५ च्या सुमारास, निघाली. नेमक्या वर्षाबद्दल एकमत नाही. पुढे दीर्घकाळ देशातील शाळांवर या पद्धतीचा पगडा राहिला.

मराठीत ओष्ठवाचनाला अंगभूत मर्यादा आहेत. प, ब, भ, म ओठांवर सारखेच दिसतात. त्यामुळे पात, बात, भात, मात हे शब्द संदर्भावरूनच ओळखावे लागतात. क, ख, ग तर घशाजवळच घडतात. कोल्हापुरी बोलीत आणखी एक पेच आहे. येथील मुली-बायका ‘मी जातो’, ‘मी आलो’ अशी पुल्लिंगी रूपे वापरतात. वर्गात मुलगी ‘जाते’ शिकते आणि घरी आईच्या ओठांवर गोलाकार ‘जातो’ पाहते. घरात ‘काय करालाईस?’ आणि पुस्तकात ‘काय करतोस?’ हाही तसाच प्रकार. उच्चारशिक्षणात घरची बोली प्रमाण धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

भारतीय सांकेतिक भाषेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. ती इंग्रजी शाळांतून आली, असा एक समज आहे. दोन हातांच्या बोटलिपीवर (बोटांनी अक्षरे दाखवण्याच्या पद्धतीवर) ब्रिटिश छाप उघड दिसते, मात्र व्याकरण स्वतंत्र आहे. ‘तू कुठे जातोस?’ हा प्रश्न ‘तू–जाणे–कुठे’ या क्रमाने होतो, म्हणजे प्रश्नशब्द शेवटी येतो. भाषाशास्त्रज्ञांपैकी उलरिके झेशान भारत व पाकिस्तानातील खुणांची भाषा एकच मानतात, तर जेम्स वुडवर्ड परस्परसंबंधित पण वेगळे प्रकार मानतात. व्याकरणाचा विचार करता झेशान यांचे मत अधिक ग्राह्य दिसते. नवी दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये स्थापन झाले.

वाचा आणि खुणा हे दोन्ही मार्ग जोडणारी संपूर्ण संप्रेषण पद्धती १९६० नंतर अमेरिकेत पुढे आली. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या श्रवणसाधनासाठी) केंद्राच्या एडिप या दिव्यांगांना साधने पुरवणाऱ्या योजनेतून साहाय्य मिळते.

शाळेत जाण्यापूर्वी मूल घरच्या खुणा घडवते. जिथे गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर समोरच म्हशीची धार काढून मिळते, त्या शहरात धार काढण्याच्या हालचालीवरून दूध सुचवणे साहजिकच. अशा खुणा विस्कळीत असतात, असे पूर्वी समजत. परंतु मानसशास्त्रज्ञ सूझन गोल्डिन-मेडो यांना अमेरिका व तैवानमधील मुलांच्या खुणांत क्रमाची नियमितता आढळली.