गोळी नळीपेक्षा मोठी का लागते?

नववीच्या विज्ञानात संवेग अक्षय्यतेचं एक गणित हमखास असतं. बंदुकीचं वस्तुमान अमुक, गोळीचं तमुक, गोळी इतक्या वेगाने सुटली तर बंदूक किती वेगाने मागे येईल? त्या गणितातली बंदूक म्हणजे एक गुळगुळीत नळी आणि गोळी तिच्यातून अलगद सरकत जाते. आकृती काढायला सांगितली तर बहुतेक जण गोळी नळीपेक्षा जराशी बारीक काढतील. ती अडकू नये ना!

प्रत्यक्षात उलट असतं. अमेरिकेत सर्रास वापरात असलेल्या ०.३० इंची रायफलीचं उदाहरण घ्या. नळीच्या आतल्या भिंतीवर पेचदार खाचा कोरलेल्या असतात. दोन खाचांमधल्या कंगोऱ्यांवर मोजलं तर व्यास भरतो ०.३०० इंच आणि खाचांच्या तळाशी मोजलं तर ०.३०८. तांब्याचं आवरण असलेली कारखान्यातली गोळी ०.३०८ची असते, म्हणजे कंगोऱ्यांना ती अंगात रुतवून घ्यावीच लागते. नुसत्या शिशाची ओतीव गोळी तर खाचांच्या तळापेक्षाही एक-दोन थाऊ जास्त, म्हणजे ०.३०९ किंवा ०.३१०ची ठेवतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण २५ मायक्रॉन. आपला केस याच्या दुपटी-तिपटीने जाड असतो. ओतीव गोळीचं सगळं भांडण या एक-दोन थाऊंचं आहे.

भांडण आहे ते अमेरिकेत. तिथे हौशी नेमबाज घरच्या गॅरेजमध्ये शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओततात आणि हा छंद कायदेशीर आहे. (आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे, तेव्हा हा लेख वाचून कोणी चूल पेटवू नये.) साच्यातून निघालेली गोळी वापरण्याआधी कठीण पोलादी डायमधून, म्हणजे नेमक्या व्यासाचं भोक असलेल्या ठोकळ्यातून, दाबून काढायची आणि तिचा व्यास नेमका करायचा, याला ते साइझिंग म्हणतात. त्याच झटक्यात गोळीच्या कड्यांमध्ये मेणाचं वंगणही भरलं जातं. आता काही जण म्हणतात, कशाला हा उपद्व्याप? ओतली तशीच वापरा. लगेच दुसरा गट म्हणतो, साइझिंग न करणं म्हणजे आळस. दोन्हीकडचे लोक हत्याराबद्दल बोलतात. खरा प्रश्न धातू कसा गोठतो हा आहे, आणि मला रस आहे तो त्यात.

शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सिअसला गोठतं. गोठताना त्याचं आकारमान सुमारे साडेतीन टक्के घटतं. ही घट भरून काढायला साच्याच्या तोंडावर वितळलेल्या धातूचं थोडं तळं मुद्दाम साचू देतात. आतली गोळी आक्रसत जाते तसं वरचं शिसं खाली ओढलं जातं. कोल्हापूरच्या फाउंड्रीत रायझर जे काम करतो तेच हे. तळं अपुरं पडलं की गोळीच्या बुडाशी पोकळी राहते. ती बाहेरून दिसत नाही, वजनात मात्र पकडता येते. पण गोळीच्या व्यासाचा निकाल मुख्यतः इथे लागत नाही, तो यानंतर लागतो. गोठलेली घन गोळी आता ३२७ अंशांवरून खोलीच्या तापमानाला, म्हणजे जवळजवळ ३०० अंश खाली येणार. वर ओतायला आता द्रव नाही. शिशाचा रेषीय प्रसरणांक आहे दर अंशाला दहा लाखांत २९. म्हणून ३०० अंशांत लांबी-रुंदी ०.८७ टक्के कमी होते. साच्यातली पोकळी ७.८५ मिलिमीटरची असेल तर गोळी सुमारे ६८ मायक्रॉनने, म्हणजे पावणेतीन थाऊंनी बारीक होते.

आता शिशाऐवजी लायनोटाइपचा धातू घ्या: ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. छापखान्यासाठी जमवलेलं हे मिश्रण. मुंबईच्या निर्णयसागरचे देवनागरी खिळे याच कुळातल्या धातूचे. या मिश्रणाची गंमत अशी की त्यातलं अँटिमनी एकटं ६३१ अंशांना वितळतं आणि शिसं ३२७ला, पण दोघं कथिलासह या प्रमाणात एकत्र आले की सगळा गोळा २४० अंशांच्या आसपास वितळतो. दोन माणसांचं एकत्र मत दोघांच्याही खाली यावं तसला हा प्रकार रसायनशास्त्रात नेहमीचा आहे. द्रवात वेगवेगळे अणू मिसळले की द्रव अवस्था अधिक स्थिर होते आणि घन व्हायला जास्त थंडावा लागतो. एका ठरावीक प्रमाणाला हा गोठणबिंदू तळ गाठतो. शिसं-अँटिमनीच्या जोडीत तो तळ सुमारे ११ टक्के अँटिमनीला आणि २५२ अंशांना आहे. कथील आलं की आणखी थोडा खाली. त्या तळाशी असलेलं मिश्रण मध्ये लापशीसारखं रेंगाळत नाही, बहुतेक एकदमच गोठतं. म्हणून अक्षराची धारदार कड साच्यातून जशीच्या तशी उतरते.

पुढचा हिशेब असा. लायनोटाइपची गोळी २४० अंशांना घन झाली, म्हणजे तिला घन अवस्थेत फक्त २१० अंशच उतरायचं आहे. शिवाय अँटिमनीचा प्रसरणांक शिशाच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे मिश्रणाचाही थोडा घटतो, २५च्या आसपास धरा. आकुंचन भरतं ४१ मायक्रॉन. साचा तोच, हात तोच, पण गोळी शुद्ध शिशाच्या गोळीपेक्षा २७ मायक्रॉनने, म्हणजे साधारण एका थाऊने मोठी. आणि या फरकातला पाऊण वाटा एकट्या कमी गोठणबिंदूचा! शिशाच्या गोळ्या साच्याच्या आकड्यापेक्षा बारीक का निघतात आणि छापखान्याच्या धातूच्या गुबगुबीत का, याचं उत्तर या दोन ओळींत आहे. ठशाचा धातू गोठताना पाण्यासारखा फुगतो असं जुन्या छपाईच्या माहितीत वाचायला मिळतं. तो फुगत नाही. तोही आक्रसतोच, फक्त शिशापेक्षा कमी.

यातून एक गोष्ट आपोआप निघते. डाय गोळीला बारीक करू शकते, मोठी करू शकत नाही. मिश्रण चुकल्यामुळे गोळी ०.३०७ची निघाली तर जगातली कुठलीही साइझिंग डाय तिला वाचवणार नाही. उलट साचा, मिश्रण आणि नळी यांचं जुळलं आणि गोळी मुळातच ०.३१०ची निघाली, तर डायला करण्यासारखं काही उरत नाही.

भट्टीवरच्या एका समजुतीबद्दल इथे बोललंच पाहिजे. वितळलेल्या शिशावर करडी साय धरते. ती पाहून कित्येक जण म्हणतात की कथील हलकं म्हणून वर तरंगलं, मेण टाकून ढवळा म्हणजे पुन्हा मिसळेल. एकदा विरघळलेलं कथील गुरुत्वाकर्षणाने वेगळं होत नाही, जसं समुद्रातलं मीठ तळाशी बसत नाही. ती साय ऑक्साइडची असते आणि जळत्या मेणातला कार्बन कथिलाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतो. कृती बरोबर, कारण चूक. आणि हीच करडी साय सगळ्यांत धोकादायक. ४०० अंशांच्या आत शिशाची वाफ नगण्य असते, विष पोटात जातं ते या ऑक्साइडच्या धुळीतून आणि न धुतलेल्या हातांतून. आपल्याकडे राहूच्या शांतीसाठी शिशाचा तुकडा वाहत्या पाण्यात सोडायला सांगणारे महाभाग आहेत. राहूचं काय होतं माहीत नाही, पण खालच्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात शिसं टाकून कोणाचंही कल्याण होत नाही.

आता नळीत काय घडतं ते पाहू. दारू पेटते, गोळीमागे वायूचा दाब हजारो पौंड प्रति चौरस इंचावर जातो. गोळी आणि खाच यांच्यात फट असेल तर तापलेला वायू तिथून पुढे घुसतो, गोळीच्या बुडाची कड कापतो आणि ते शिसं पुढे नळीच्या भिंतीला चिकटतं. नळीत शिसं साचलं की लोक घर्षणाला दोष देतात आणि आणखी कठीण मिश्रण शोधतात. ‘हार्ड कास्ट’ असं ठळक छापून गोळ्या विकणाऱ्यांचा धंदा यावरच चालतो. पण बारीक आणि कठीण गोळी हे सगळ्यांत वाईट. कारण मऊ गोळीला एक युक्ती येते: मागून दाब आला की तिचं बूड पसरतं आणि भिंतीला टेकतं. सायकलच्या हातपंपातला चामड्याचा वाटीसारखा वायसर हेच करतो. जितका दाब जास्त तितका तो घट्ट बसतो. शुद्ध शिशाची कठिणता ब्रिनेल मोजपट्टीवर ५, लायनोटाइपची २२ च्या आसपास. कमी दाबाच्या काडतुसात २२ कठिणतेची गोळी पसरायला तयारच होत नाही.

या युक्तीने आपला इतिहास बदलला आहे. १८४९च्या सुमारास फ्रेंच कप्तान मिनिए यांनी मागे पोकळी असलेली मऊ गोळी काढली. ती नळीपेक्षा मुद्दाम बारीक, म्हणजे तोंडाकडून झटकन खाली सरकावी आणि बार उडताच बूड फुगून खाचांत बसावं. ब्रिटिशांची १८५३ची एनफिल्ड रायफल याच तत्त्वाची, नळी ०.५७७ इंच. कागदात गुंडाळलेली गोळी काजळी धरलेल्या नळीतून खाली उतरावी म्हणून कागदाला चरबी लावत. चरबी कशाची यावरून १८५७ साली काय पेटलं ते शाळेत शिकवतात. चरबी मुळात लागलीच का, हे सहसा शिकवत नाहीत.

साइझिंगचा तोटा कळायला थोडं गणित. (कंटाळा आला असेल तर हा परिच्छेद सोडला तरी चालेल.) दहा इंचांत एक वेढा घेणाऱ्या खाचांतून गोळी सेकंदाला २००० फूट वेगाने सुटली तर ती सेकंदाला २४०० गिरक्या घेते. आता डायमध्ये गोळी किंचित तिरकी शिरली, एका बाजूचं शिसं जास्त दाबलं गेलं आणि वस्तुमानमध्य आसापासून १० मायक्रॉन सरकला असं समजा. नळीत असेपर्यंत तो मध्य आसाभोवती वर्तुळात फिरतो. नळी संपली की स्पर्शरेषेत निसटतो: २ पाय गुणिले २४०० गुणिले १० मायक्रॉन, म्हणजे सेकंदाला १५ सेंटिमीटर. १०० मीटर जायला गोळीला ०.१८ सेकंद लागतात. तेवढ्यात ती २.७ सेंटिमीटर बाजूला जाते, आणि काडतुसात गोळी कशी बसली त्यावर ती बाजू दर वेळी वेगळी. मॅसॅच्युसेट्सचे डॉ. फ्रँकलिन मान हे पेशाने वैद्य, पण आयुष्यभर गोळ्यांचे प्रयोग करत राहिले. त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं की गोळीचं नाक चेपलं तर फारसं बिघडत नाही, बुडाला टवका गेला तर नेम जातो. डायमधून काढताना नेमकं बूडच ठोकलं जाण्याची शक्यता असते.

दुसरा तोटा जास्त मजेशीर. पोलाद ठोकलं की कठीण होतं. शिशाची मिश्रणं ठोकली की मऊ होतात. शिसं ६०० केल्व्हिनला वितळतं, म्हणजे खोलीतल्या ३०० केल्व्हिनला ते आपल्या वितळणबिंदूच्या निम्म्यावर बसलेलं असतं. पोलादाच्या मानाने पाहिलं तर लोहाराच्या भट्टीतच. त्यामुळे दाबून विस्कटलेले स्फटिक तिथल्या तिथे नव्याने जुळतात आणि गरम गोळी पाण्यात विझवून दिवसचे दिवस मुरवलेली कठिणता पृष्ठभागावरून निघून जाते. ती निघते नेमकी तिथून, जिथे कंगोरे रुतणार आहेत.

म्हणून साइझिंग सोडूनच द्यावं का? नाही. साच्याचे दोन अर्धे पूर्ण मिटले नाहीत, मध्ये शिशाचा कण अडकला, तर गोळी एका दिशेने जाड होते. अशी गोळी पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात, बसवल्यावर पुंगळीची मान फुगते, काडतूस नळीमागच्या घरात शिरत नाही, आणि जबरदस्तीने शिरवलं तर मान गोळीला सोडायला जागाच उरत नाही. मग दाब धोक्याच्या पातळीवर चढतो. स्वयंचलित पिस्तुलात हा प्रश्न रोजचा, म्हणून ते लोक डाय सोडत नाहीत. एकेक काडतूस हाताने भरायच्या जुन्या रायफली आणि सैल घरांची रिव्हॉल्व्हरं बाळगणारे मात्र सुखाने ओतली तशी गोळी वापरतात. साचे बनवणाऱ्या ली कंपनीने तर बारीक बारीक कड्यांचे साचेच काढले. गोळ्या द्रव वंगणात घोळवायच्या, वाळवायच्या, बस.

ओतीव गोळी वापरणारे आधी नळी मोजतात. मऊ शिशाचा गोळा वंगण लावून नळीतून हळूच ठोकत पार करायचा आणि त्यावर उमटलेल्या खाचा मायक्रोमीटरखाली धरायच्या. ०.३०८ असं कोरलेल्या जुन्या लष्करी नळ्या खरंच तेवढ्या निघतीलच असं नाही. मग मिश्रण ठरवायचं. पूर्वी त्यासाठी फार शोधावं लागत नसे. जुलै १९७८मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने आपली लायनोटाइप यंत्रं बंद केली. अमेरिकेतले छापखाने एकामागून एक ऑफसेटकडे वळले आणि त्यांच्या भंगारातला धातू गॅरेजांत पोचला. गाडीच्या चाकाला लावायची शिशाची वजनं हा दुसरा झरा, तोही आटतोय. कॅलिफोर्नियाने ती वजनं २०१०पासून बंद केली आणि काँडोर गिधाडं शिसं खाऊन मरतात म्हणून २०१९च्या जुलैपासून शिकारीत शिशाच्या गोळीवरच बंदी घातली. तिथले हौशी आता कथील आणि अँटिमनी वेगळं विकत घेऊन तराजूवर मिश्रण जमवतात आणि पहिल्या घाण्यातल्या गोळ्या थंड झाल्या की आधी व्यास मोजतात.