टाच दुखते? चपला-बुटातली गादी (इनसोल) घेण्याआधी हे वाचा

सकाळी पहिलं पाऊल टेकताच टाचेत कळ येते आणि चार पावलं चाललं की कमी होते, असं असेल तर बहुधा तळपायाचा पट्टा, म्हणजे प्लांटर फॅशिया, दुखावलेला असतो. मऊ गादी, पोटरी ताणायचे व्यायाम आणि काही महिन्यांचा धीर, यावर बहुतेकांचं भागतं.

पण गादीचे दोन-तीन जोड बदलूनही ज्यांची टाच दुखायची थांबत नाही, त्यांचं वर्णन वेगळं असतं. आग होते, मुंग्या येतात, मधेच करंट लागल्यासारखी चमक जाते. दिवसभर उभं राहिलं की वाढतं आणि रात्री पडल्यावरही ठणकतं. अशा वेळी नस (नर्व्ह) दबलेली असू शकते.

पोटरीतून उतरणारी मोठी नस आतल्या घोट्यामागच्या अरुंद जागेतून तळपायात शिरते. तिथे दबली तर त्याला टार्सल टनेल सिंड्रोम म्हणतात. घोट्यामागे टिचकी मारली की झिणझिण्या तळव्यात पळतात. तिचीच एक बारीक फांदी, बॅक्स्टरची नस, टाचेखालून करंगळीकडे जाते. ती दबली तर दुखणं थेट फॅशियासारखंच वाटतं आणि उपचार भलत्याच दिशेला चालू राहतात. एक खूण: करंगळी बाहेर फाकवता येत नाही. तशी ती बऱ्याच धडधाकट लोकांनाही फाकवता येत नाही, म्हणून दोन्ही पाय ताडून पाहा.

कधी मूळ कमरेत असतं. मणक्यातून निघणारी एस-१ नस दबली की दुखणं टाचेपर्यंत उतरतं. दोन्ही तळव्यांची आग होत असेल तर आधी शुगर आणि बी-१२ तपासा.

एक्स-रेत ‘हाड वाढलंय’ दिसलं म्हणून घाबरू नका. तसा काटा न दुखणाऱ्या टाचांतही सापडतो, आणि नस एक्स-रेत दिसत नाही. तिच्यासाठी डॉक्टर हाताने तपासतात, गरज पडल्यास एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी चाचणी) किंवा एमआरआय सांगतात.

आता आमच्या मालाबद्दल. उंच, कडक कमानीचा इनसोल दबलेल्या नसेवर आणखी दाब देऊ शकतो. घातल्यावर मुंग्या वाढल्या तर ‘सवय होईल’ म्हणून रेटू नका, काढून ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पाऊल उचलता येईनासं झालं, किंवा कमरेच्या दुखण्याबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

दुकानात येताना रोजची जुनी चप्पल सोबत आणा. टाच आतून झिजली असेल तर पाऊल आत कलतंय आणि घोट्यामागची नस ताणली जात असेल. अशा पायाला नुसती गादी आम्ही देत नाही.