आयरिस

ग्रीक पुराणकथांतील इंद्रधनुष्याची देवता आणि देवांची दूती. मूळ ग्रीक उच्चार ‘ईरिस’ असा असून त्या भाषेत इंद्रधनुष्यालाही हेच नाव होते. होमरच्या ‘इलिअड’ या महाकाव्यात देवांचे निरोप बहुधा तीच पोहोचवते, त्याच्याच ‘ओडिसी’त मात्र हे काम हर्मीझ या देवाकडे गेलेले दिसते. ग्रीक कवी हीसिअडने सांगितलेली तिची कामगिरी अधिक करडी आहे. देवांमध्ये कलह माजून कोणी खोटे बोलल्याचा संशय आला, की देवांचा राजा झ्यूस तिला, देव जिची शपथ घेत त्या पाताळातील स्टिक्स नदीचे गार पाणी सोन्याच्या झारीतून आणायला धाडी. ते पाणी ओतून खोटी शपथ घेणारा देव वर्षभर निश्चेष्ट पडून राही आणि पुढची नऊ वर्षे देवसभेला मुके. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात मृत्युशय्येवर तळमळणाऱ्या डायडो राणीच्या केसांची बट कापून तिचा जीव मोकळा करण्यासाठी देवांची राणी जूनो आयरिसलाच पाठवते. एवढे असूनही तिच्या स्वतंत्र उपासनेचे पुरावे फार थोडे आहेत. हे नाव टिकले ते भक्तीमुळे नव्हे, रंगांमुळे.

नाना रंगांत फुलणाऱ्या एका कंदवर्गीय फुलझाडाला ग्रीकांनीच हे नाव दिले. त्याचे जमिनीतील खोड काही वर्षे वाळवले, की त्याला व्हायोलेट फुलांसारखा वास येतो आणि तो अत्तरांत वापरतात. केशर आणि ग्लॅडिओलस याच कुलातले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये मुलींना फुलांची नावे ठेवण्याची टूम निघाली, तेव्हा आयरिस हे नाव घरोघरी पोहोचले. ते ठेवणाऱ्यांच्या मनात देवतेपेक्षा बाग अधिक असावी. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ स्मिथसन टेनंट यांनी 1803 मध्ये एका नव्या धातूला त्याच्या क्षारांच्या विविध रंगांवरून इरिडियम म्हटले. 1847 मध्ये सापडलेल्या एका लघुग्रहालाही हेच नाव मिळाले.

डोळ्याच्या बाहुलीभोवतीचे रंगीत वलय, म्हणजे आपले बुबुळ, शरीरशास्त्रात आयरिस म्हणून ओळखले जाते. मराठी माणसाचा या नावाशी रोजचा संबंध येतो तो इथेच. आधारची पहिली कार्डे 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिली गेली, आणि त्या नोंदणीत बोटांच्या ठशांबरोबर दोन्ही डोळ्यांचे ‘आयरिस स्कॅन’ही घेतले जाते. मौजेची गोष्ट अशी, की हे यंत्र डोळा अवरक्त, म्हणजे नजरेला न दिसणाऱ्या, प्रकाशात टिपते आणि बुबुळावरील तंतू व खळग्यांच्या रचनेवरून माणूस ओळखते; ज्या रंगावरून हे नाव पडले, त्याचा त्या ओळखीत काहीच उपयोग नसतो.