जागा, निकाल, नोकरी: महाराष्ट्रातल्या तंत्रनिकेतनांची पार्श्वभूमी

दहावीचा निकाल जवळ आला की पॉलिटेक्निकचे, म्हणजे दहावीनंतर तीन वर्षांचा इंजिनिअरिंग डिप्लोमा देणाऱ्या तंत्रनिकेतनांचे, प्राध्यापक शाळाशाळांतून फिरायला लागतात. हातात माहितीपत्रकं, गाडीत फ्लेक्स, आणि मुख्याध्यापकांकडून वर्गात बोलायला दहा मिनिटं मिळावीत एवढीच अपेक्षा. पुढे निकाल लावण्याची जबाबदारी याच प्राध्यापकांची, आणि तिसऱ्या वर्षी कंपन्यांना कॅम्पसला बोलावण्याची धडपडही बहुतेक त्यांचीच. किती आले, किती वेळेत पास झाले, किती नोकरीला लागले, या तीन आकड्यांवर आज तंत्रनिकेतन तोललं जातं. पण हे तीन आकडे एका कागदावर आले ते अगदी अलीकडे. त्याआधी प्रत्येकाचा काळ वेगळा होता.

सुरुवातीला नोकरी आधी ठरलेली असे, विद्यार्थी नंतर शोधला जाई. १८५४ मध्ये पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग आणि मेकॅनिकल स्कूल सुरू झालं ते सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती म्हणून. रस्ते, पूल, कालवे आणि इमारतींची कामं निघाली होती, मोजणी करणारा आणि नकाशा वाचणारा माणूस मिळत नव्हता. याच वर्गाचं पुढे सीओईपी हे इंजिनिअरिंग कॉलेज झालं. मुंबईत १८८७ साली व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षण संस्था निघाली, तिच्यामागे कापडगिरण्या होत्या. नागपूरला १९१४ मध्ये सरकारी इंजिनिअरिंग स्कूल आलं, तेच आजचं शासकीय तंत्रनिकेतन. पुण्याचं कुसरो वाडिया इन्स्टिट्यूट १९३८ चं. मुलं थोडी आणि मागणारे जास्त, त्यामुळे त्या काळात प्लेसमेंट सेल असण्याचं कारणच नव्हतं. एलसीई किंवा एलएमई (सिव्हिल किंवा मेकॅनिकलचा तेव्हाचा डिप्लोमा) झालेला मुलगा म्हणजे लग्नाच्या बाजारात पक्कं स्थळ.

स्वातंत्र्यानंतर पहिल्या वीस वर्षांतही हे फारसं बदललं नाही. पंचवार्षिक योजनांनी धरणं आणि कारखाने उभे करायला घेतले, त्यांना सुपरवायझर लागत होते. पुण्याचं शासकीय तंत्रनिकेतन १९५७ चं, एमआयडीसीची स्थापना १९६२ ची. एकीकडे शेड उभ्या राहत होत्या, दुसरीकडे डिप्लोमाच्या तुकड्या बाहेर पडत होत्या.

पहिला धक्का बसला तो साठीच्या दशकाच्या शेवटी. दोन दुष्काळ आणि पाठोपाठ औद्योगिक मंदी आली, आणि डिग्री-डिप्लोमावाले इंजिनिअर एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या रांगेत दिसू लागले. सरकारने देशभरात इंजिनिअरिंगच्या जागा कमी केल्या. अप्रेंटिस कायदा १९६१ चा, पण तो मुख्यतः कारखान्यातल्या ट्रेडसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात पदवीधर आणि डिप्लोमाधारकही आले. कंपनीने वर्षभर शिकवायचं आणि विद्यावेतनातला निम्मा वाटा केंद्राने उचलायचा. मात्र वर्ष संपल्यावर त्या मुलाला कामावर ठेवण्याचं बंधन कायद्याने कंपनीवर घातलं नाही. ही फट आजवर बुजलेली नाही.

यानंतर आलं १९८३. महाराष्ट्रातली मुलं देणगी भरून कर्नाटकात इंजिनिअरिंगला जात होती, इथला पैसा तिकडे चालला होता. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी संस्थांना परवानगी दिली. साखर कारखाना, दूध संघ, बँक चालवणाऱ्यांनी आता कॉलेजही काढलं. या निर्णयावर टीका करणं सोपं आहे, आणि देणगीचा जो बाजार झाला तो लपलेला नाही. कॅपिटेशन फीविरोधी कायदा करायची पाळी सरकारवर अवघ्या चार वर्षांत, १९८७ मध्ये आली. पण प्रवरानगरसारख्या ग्रामीण ठिकाणी राहणाऱ्या मुलाला घरून डबा नेऊन इंजिनिअर होता येऊ लागलं, हेही त्याच निर्णयाने घडलं. माझ्या मते एकूण हिशेब फायद्याचा होता.

मात्र हिशेबाचा पायाच बदलला. सरकारी पॉलिटेक्निकमधली जागा रिकामी राहिली तरी प्राध्यापकाचा पगार थांबत नाही. विनाअनुदानित संस्थेत एक रिकामी जागा म्हणजे तीन वर्षांची बुडालेली फी. बारावी किंवा आयटीआयची मुलं थेट दुसऱ्या वर्षाला येतात, तेवढीच काय ती भरपाई. त्यात मागासवर्गीय आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल मुलांच्या फीचा मोठा वाटा सरकारकडून शिष्यवृत्तीच्या रूपाने यायचा आणि तो वेळेवर आला तर नशीब. साहजिकच संस्थाचालकाची नजर पहिल्या आकड्यावर खिळली. निकाल हा परीक्षा मंडळाचा विषय आणि नोकरी मुलाच्या नशिबाचा, अशी वाटणीच होऊन गेली.

नव्वदच्या आणि दोन हजारच्या दशकात हे खपून गेलं. आयटी कंपन्या शाखा न विचारता मुलं उचलत होत्या, चाकण-रांजणगावला वाहन उद्योग फोफावत होता. दरवर्षी नवी कॉलेजं, नव्या तुकड्या. मग २०१० नंतर पुरवठा मागणीच्या पुढे गेला. जागा मोठ्या संख्येने रिकाम्या राहू लागल्या, काही संस्थांना टाळं लागलं, आणि बी. व्ही. आर. मोहन रेड्डी समितीच्या शिफारशीवरून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या केंद्रीय परिषदेने, २०२० पासून नव्या इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी देणं थांबवलं. साठीच्या दशकातलंच हे औषध, पन्नास वर्षांनी पुन्हा तेच.

रिकाम्या जागांचं खरं दुखणं पैशापलीकडचं आहे. डिप्लोमाला दहावीत किमान ३५ टक्के लागतात. जागा कमी आणि मागणी जास्त असते तेव्हा ही अट नुसती कागदावर राहते, कारण यादी त्याच्या कितीतरी वर बंद होते. जागा रिकाम्या असल्या की ३५ टक्केवाला खरोखरच वर्गात येऊन बसतो. तो येऊ नये असं अजिबात नाही. पण त्याच्यासाठी वर्गात काही बदलतं का?

पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडून बघा. पहिल्या सत्रात बेसिक मॅथेमॅटिक्स: लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, पार्शल फ्रॅक्शन, त्रिकोणमिती. सहा महिन्यांत दुसऱ्या सत्राचं अप्लाइड मॅथेमॅटिक्स, म्हणजे इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन. अकरावी-बारावीच्या मुलाला जे दोन वर्षांत मिळतं, ते इथे एका वर्षात, तेही इंग्रजीतून आणि बहुतेकदा मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला. प्रवेशफेऱ्या लांबल्या की शेवटच्या फेरीतला मुलगा वर्गात येतो तेव्हा पहिली चाचणी तोंडावर आलेली असते. हाच मुलगा वर्कशॉपमध्ये बघावा. बेंच व्हाइसमध्ये एमएसची (माइल्ड स्टीलची) पट्टी धरून हॅकसॉ आणि फाइल (कानस) चालवत मेल-फिमेलचा, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या दोन तुकड्यांचा, जॉब तो असा बसवतो की उजेडाला धरला तरी फट दिसत नाही. आणि तोच गणितात दोनदा नापास होतो. एटीकेटी (राहिलेल्या विषयांसह पुढच्या वर्षात जाण्याची सवलत) मिळाली तर दुसऱ्या वर्षात जातो, केटी, म्हणजे राहिलेला विषय, मात्र मागे लागलेली असते. विषय जास्त राहिले तर वर्ष डाऊन. असे किती तरी जण गुपचूप कॉलेज सोडतात. फी भरलेली असते, त्यामुळे पहिला आकडा शाबूत राहतो.

नोकरीचं गाडं इथेच अडतं. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांची नेहमीची अट असते की दहावीपासून साठ टक्के हवेत आणि लाइव्ह बॅकलॉग, म्हणजे अजून न सुटलेला विषय, नको. टीपीओने, म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याने, कितीही फोन केले तरी पात्र मुलांची यादी पहिल्या वर्षाच्या निकालानेच अर्धी केलेली असते. कंपन्या येईनाशा झाल्या की गावात बोभाटा होतो, पुढच्या वर्षी प्रवेश घटतात, आणि आणखी कमी मार्कांची मुलं येतात. तरीही संस्थांनी पैसा ओतला तो जाहिरातीवर आणि सॉफ्ट स्किलच्या वर्कशॉपवर. गणिताच्या जादा तासांना क्वचितच वेगळं मानधन मिळालं.

तिन्ही आकडे एकत्र आणले ते एनबीएने, म्हणजे तांत्रिक अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने. १९९४ पासून असलेलं हे मानांकन मंडळ भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा (इंजिनिअरिंगच्या मानांकित पदव्या देशोदेशी मान्य करणाऱ्या कराराचा) पूर्ण सदस्य झाल्यावर सगळ्यांच्या तोंडी झालं. त्याच्या स्वयंमूल्यमापन अहवालात विद्यार्थ्यांच्या कामगिरीचा एक स्वतंत्र निकष आहे. भरलेल्या जागांचं प्रमाण, एकही बॅकलॉग न राहता ठरलेल्या मुदतीत पास झालेले, आणि नोकरी, उच्चशिक्षण किंवा स्वतःचा उद्योग यांपैकी कशात तरी गेलेले, सगळं एकाखाली एक. आधी किती गळती होते ते कुणी विचारत नव्हतं, आता फाइलमध्ये लिहावं लागलं. (फाइल बनवण्यात प्राध्यापकांचे महिने गेले, सीओ-पीओच्या (विषयातून आणि अभ्यासक्रमातून काय साध्य झालं याच्या) कोष्टकांनी डोकी उठली, हेही खरंच.)

त्यात एक गंमत आहे. नोकरी आणि उच्चशिक्षण एकाच बेरजेत येतं. महाराष्ट्रात डिप्लोमा झालेली बरीच मुलं थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीला जातात. बारावी आणि सीईटी टाळून इंजिनिअर होण्याची ही वाट घराघरांत माहीत आहे. त्यामुळे एकही कंपनी न येता पॉलिटेक्निकचा तिसरा आकडा चांगला दिसू शकतो. उरलेली मुलं एमआयडीसीत ट्रेनी म्हणून लागतात. एआयसीटीईच्या २०१३ च्या नियमांतून निघालेली नीम (नॅशनल एम्प्लॉयबिलिटी एन्हान्समेंट मिशन) योजना कागदावर प्रशिक्षणाची होती. प्रत्यक्षात अनेक कारखान्यांनी ती स्वस्तात हात मिळवायला वापरली. पुढे ती गुंडाळली गेली.

अभ्यासक्रमाच्या बाजूने थोडं बरं घडलं. तंत्रशिक्षण मंडळाच्या २०१७ च्या आय स्कीमने (डिप्लोमाच्या सुधारित अभ्यासक्रमाने) सहा आठवड्यांचं औद्योगिक प्रशिक्षण आणलं, २०२३ पासूनच्या के स्कीमने तो काळ वाढवला. २०२१-२२ पासून मराठी-इंग्रजी अशा द्विभाषिक शिक्षणाची सोय झाली. या सगळ्यांत मला ती सर्वांत कामाची वाटते, कारण ती नेमकी पहिल्या वर्षाच्या दुखण्याला हात घालते.

याच सुमारास प्रवेशही पुन्हा भरू लागले. शाळांमधल्या फेऱ्यांना त्याचं श्रेय दिलं जातं. थोडं असेलही. पण २०२१ मध्ये परीक्षेविना लागलेल्या दहावीचा निकाल ९९.९५ टक्के होता, कॉम्प्युटरची ओढ वाढली होती, आणि २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी सरकारने पूर्ण माफ केली. दरम्यान नव्या कॉलेजांवरची बंदी उठली, आणि २०२४ पासून चांगल्या संस्थांना एका शाखेत किती जागा घ्यायच्या यावरची कमाल मर्यादाही गेली. वाढीव जागांची धाव कॉम्प्युटर आणि एआयकडे आहे. सिव्हिल-मेकॅनिकलच्या तुकड्या मात्र अनेक ठिकाणी बंद झाल्या. वर्कशॉपमधल्या लेथ तिथेच आहेत, त्यांच्यावर शिकवणारे निदेशक मात्र निवृत्त होत आहेत आणि नव्या भरतीचे प्रस्ताव मंजुरीच्या वाटेवर आहेत.