पॅनेलमधला डायोड: बाजूचा की वाटेतला?

घरी सोलर पॅनेल बनवायला बसलं की एक डायोड, म्हणजे करंटला एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, लावायचा असतो, एवढं बहुतेकांच्या कानावर आलेलं असतं. कशासाठी, असं विचारलं की एक जण म्हणतो, रात्री बॅटरीतला करंट उलटा पॅनेलमध्ये जाऊ नये म्हणून. दुसरा म्हणतो, सावली पडली तर सेल जळू नये म्हणून. दोघंही खरं बोलतात, फक्त दोन वेगळ्या डायोडांबद्दल बोलतात. पहिला ब्लॉकिंग डायोड, दुसरा बायपास डायोड. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत गेलात तर दोन्ही कामांना तोच मिळतो: काळा, एका टोकाला पांढरा पट्टा असलेला. नाव वस्तूवरून पडलेलं नाही, ती कुठे बसते त्यावरून पडलेलं आहे.

ब्लॉकिंग डायोड समजायला सोपा. विहिरीवरच्या मोटारीचा फूट व्हॉल्व्ह आठवा. मोटार चालू असताना पाणी वर येऊ द्यायचं, बंद झाली की खाली परतू द्यायचं नाही. हा डायोड तसाच प्लसच्या वायरीत, करंटच्या वाटेतच बसतो. पॅनेलचा सगळा करंट त्याच्या अंगातून जातो.

बायपास वाटेत बसत नाही. तो सेलांच्या गटाला बाजूने जोडलेला असतो, आणि एरवी त्यातून काहीच वाहत नाही. रस्ता खचला की लावतात तसा तो वळण रस्ता आहे. रस्ता नीट असेल तेव्हा तिकडे कोणी फिरकत नाही.

ही वळणवाट का लागते ते नीट समजून घ्यायला हवं, कारण घरगुती पॅनेलं खराब होतात ती इथेच. सिलिकॉनचा एक सेल कामाच्या वेळी साधारण अर्धा व्होल्ट देतो, मोठा असो की छोटा. आकार वाढला की करंट वाढतो, व्होल्ट नाही. म्हणून 12 व्होल्टच्या बॅटरीसाठी 36 सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडतात: कामाचे सुमारे 18 व्होल्ट, नुसतं मीटर लावलं तर 21-22. सहा इंची सेल असेल तर भर उन्हात 8 अँपिअरच्या आसपास. सिरीज म्हणजे पाटाच्या पाण्यासारखं, एका जागी पाट तुंबला तर पुढे तेवढंच पाणी जाणार. एका सेलवर सावली पडली की तो स्वतः करंट बनवू शकत नाही, आणि उन्हातले बाकीचे सेल मात्र त्याच्यातून करंट रेटत राहतात. त्या सेलवर उलटा दाब येतो. तो वीज बनवायचं सोडून वीज खायला लागतो, आणि खाल्लेली वीज उष्णता होऊन तिथेच साचते.

किती? पॅनेलं दोन-तीन सिरीजमध्ये असतील तर एका सेलवर 15 व्होल्टचा उलटा दाब सहज येऊ शकतो. 8 अँपिअर वाहत असतील तर 120 वॉट, तेही एका सेलमध्ये, आणि सेलमध्येही जी जागा सर्वांत कमकुवत तिथे एकवटलेले. ज्या सोल्डरिंग आयर्नने आपण टॅबिंग वायर (सेल एकमेकांना जोडणारी चपटी तार) चिकटवली तो 25 वॉटचा असतो.

माझ्या गच्चीवर हेच झालं. तीन पॅनेलं मी स्वतः सोल्डर केली होती, सिरीजमध्ये एमपीपीटी कंट्रोलरला (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा चार्ज कंट्रोलर) जोडली होती. प्रत्येकात ब्लॉकिंग डायोड होता, बायपास एकाही पॅनेलात नव्हता. शेजारच्या नारळाची एक झावळी दुपारी तीननंतर मधल्या पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली धरायची. पावसाळ्यानंतर काच पुसताना त्या कोपऱ्यातल्या सेलवर रुपयाएवढा तपकिरी डाग दिसला, मागे भरलेला सीलंट करपला होता. दोन महिने रात्री बसून केलेलं काम होतं ते. आजही घरी पॅनेल बनवणारं कोणी भेटलं की मी आधी मागची बाजू बघायला मागतो.

बायपास असता तर काय झालं असतं? कारखान्यात साधारण 18 ते 24 सेलांच्या गटामागे एक डायोड घालतात: 36 सेलांना दोन, 60 किंवा 72 सेलांना तीन. गटातला एक सेल आडला की करंट डायोडवरून पुढे जातो, आणि आडलेल्या सेलवरचा दाब त्याच्याच गटातल्या उरलेल्या सेलांपुरता, म्हणजे 10 व्होल्टच्या आसपास, राहतो. सेल तेव्हाही गरम होतो, पण दाबाला मर्यादा राहते. पूर्ण गटाची वीज मात्र त्या वेळेपुरती जाते, हे मान्य करूनच चालायचं. म्हणून सावली टाळणं हे डायोडच्या आधीचं काम.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 36 सेलांचं एकच पॅनेल 12 व्होल्टच्या बॅटरीला लावलं असेल, तर बायपासचा उपयोग क्वचितच होतो. एक गट वगळला की उरलेल्या 18 सेलांचे 9 व्होल्ट बॅटरी चार्ज करायला पुरतच नाहीत. काही पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनेल थेट बॅटरीला जोडून-तोडून चार्जिंग सांभाळणारे साधे कंट्रोलर) बॅटरी भरल्यावर पॅनेल शॉर्ट करून, म्हणजे त्याची दोन टोकं एकमेकांना जोडून, ठेवतात, तेव्हा तो कामी येतो. पण घरगुती पॅनेल एकटं फार दिवस राहत नाही. दुसरं बनतं, 24 व्होल्टला जायचं ठरतं, आणि तोवर पाठ सीलंटने बंद झालेली असते. बनवतानाच घाला.

आता ब्लॉकिंगचा हिशोब. अंधारात पॅनेल म्हणजे 36 डायोडांची माळ. 12.6 व्होल्टची बॅटरी त्यावर आली तर प्रत्येक सेलच्या वाट्याला 0.35 व्होल्ट येतात, आणि चांगल्या सेलांतून परतणारा करंट थोड्या मिलीअँपिअरचा असतो. 50 धरा. बारा तासांत 0.6 अँपिअर-तास, म्हणजे साडेसात वॉट-तास. आणि डायोड दिवसा काय घेतो? शॉटकी (कमी व्होल्ट खाणारा डायोडचा प्रकार) असेल तर अर्धा व्होल्ट, 8 अँपिअरला 4 वॉट. पाच तास चांगलं ऊन मिळालं तर 20 वॉट-तास. साधा सिलिकॉन डायोड याहून जास्त खातो. एमपीपीटीवर हा तोटा सरळ खिशातून जातो. पीडब्ल्यूएमवर एरवी जाणवत नाही, पण विदर्भातल्या मे महिन्यात सेल 65 अंशांवर गेला की 18 व्होल्टचे 15 होतात, आणि बॅटरीला भरायला 14.4 लागतात. तिथे अर्धा व्होल्टही परवडत नाही.

शिवाय रात्रीची राखण चार्ज कंट्रोलर करतोच. खात्री करायची तर रात्री पॅनेलच्या वायरीत मिलीअँपिअरच्या रेंजवर मीटर घाला आणि बघा. म्हणून कंट्रोलर असलेल्या घरात मी ब्लॉकिंग डायोड घालत नाही. शेतातल्या झटका मशीनसारखं छोटं पॅनेल थेट बॅटरीला लावलं असेल, तर मात्र हवा. तीन किंवा जास्त सिरीज-रांगा पॅरललमध्ये, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस अशा, जोडल्या असतील तर एका बिघडलेल्या रांगेत बाकीच्यांचा करंट घुसू शकतो. तिथे प्रत्येक रांगेला डीसी फ्यूज घालणं मला जास्त बरं वाटतं.

खरेदी करताना पॅनेलच्या शॉर्ट सर्किट करंटच्या (दोन टोकं थेट जोडल्यावर वाहणाऱ्या करंटच्या) किमान सव्वापट क्षमता बघा. 8-9 अँपिअरच्या पॅनेलला 15एसक्यू045 हा 15 अँपिअर, 45 व्होल्टचा शॉटकी चालतो. 1एन4007 फक्त 1 अँपिअरचा आहे, कोणी कितीही सांगितलं तरी तो इथे लावू नका.

पट्ट्याची दिशा चुकते ती दोन्ही डायोडांत पट्टा प्लसकडेच असतो म्हणून. बायपासचा पट्टा गटाच्या प्लस टोकाला जोडायचा, ब्लॉकिंगचा पट्टा प्लस वायरीत बॅटरीच्या बाजूला ठेवायचा. बायपास उलटा लागला तर त्या गटाचे व्होल्ट गायब होतात, 21 ऐवजी साडेदहा-अकरा दिसतात आणि डायोड हात लावू देत नाही. ब्लॉकिंग उलटा लागला तर मीटरवर व्होल्ट कधी कधी ठीक दिसतात, चार्जिंग मात्र शून्य. आणि कंट्रोलरशिवाय बॅटरीच उलटी जोडली गेली तर तिचा सगळा करंट बायपासमधून धावतो, डायोड एका क्षणात जातात.

पाठ बंद करण्याआधी एवढं करून बघा. पॅनेल उन्हात ठेवा, मीटर 10 अँपिअरच्या रेंजवर लावा, आणि एका सेलवर पुठ्ठा धरा. बायपास नसेल तर करंट जवळजवळ शून्यावर येतो. असेल तर आकडा 8 च्या आसपास टिकतो. मग पुठ्ठा दुसऱ्या गटातल्या सेलवर धरा, तिथेही टिकायला हवा. दर वेळी दोन-चार सेकंदच धरा.